दोराच्या वरच्या टोकाला

शाओ पेइ चीनमधल्या लोयांग शहरातली गाइड होती, पण बसवाल्या गाइडांसारखी नव्हे. लेण्यांकडे लोटणाऱ्या गर्दीकडे पाठ फिरवून ती पाहुण्यांना माङ टेकडीवरच्या खेड्यांतून हिंडवायची. त्या सकाळी तिने म्हातारा दोउ आणि त्याचा मुलगा लेइ यांना एका डुकरांच्या खुराड्यापाशी आणलं. डुकरं ज्या डोणीतून खात होती ती डोणी म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, हान राजवटीच्या काळच्या थडग्यातली पोकळ वीट होती.

"हा राक्षस बघा, तोंडात कडी धरलेला. म्हणजे ही दाराची वीट. दाराच्या पलीकडे आणखी एक खोली असतेच. पण भिंतीवर गाळ बसला की भलेभले फसतात."

"आणि तुम्ही नाही फसत, गाइडबाई?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मी हाताने चाचपून सांगते," ती म्हणाली, आणि आपल्याच हुशारीवर खूश झाली.

पुढचं ठिकाण आम्ही दाखवतो, म्हणून त्यांनी तिला एका टोमॅटोच्या पॉलिहाऊसमध्ये नेलं. आत शिरताच लेइने तिचा फोन मागितला. तिने दिला नाही, तेव्हा त्याने तिची डाव्या हाताची करंगळी धरून उलटी मोडली. आवाज फारसा झाला नाही. वेदना एका श्वासाने उशिरा पोचली, आणि शाओ पेइ गुडघ्यांवर बसली. तिच्या खिशातला फोन काढून त्याने जवळच्या एका क्रेटवर फेकला.

"नऊ राहिली, ताई," लेइ म्हणाला. "चाचपायला पुरेत."

वेलांच्या दोन ओळींमधली फळी त्याने पायाने सरकवली. खाली जेमतेम खांद्याएवढ्या रुंदीचा खड्डा होता. तीन माणसं एकावर एक उभी राहिली तरी वरचा काठ हाताला लागला नसता. खड्ड्यावर लोखंडी तिपाई, कप्पीवरून सोडलेला दोर, आणि लांब वायरच्या बटणावर चालणारी मोटर होती. खड्ड्याच्या भिंती तासल्यासारख्या गुळगुळीत होत्या. दोराशिवाय वर येणं शक्य नव्हतं.

"खाली थडग्याची एकच खोली लागलीय, नुसत्या मडक्यांची," म्हातारा म्हणाला. "दुसरीचं दार दाखव आणि घरी जा."

दोघांचेही चेहरे तिने सकाळपासून पाहिले होते. आपण घरी जाणार नाही हे शाओ पेइला तेव्हाच कळलं.

दोराच्या फासात पाय अडकवून आधी म्हातारा उतरला, मग ती. लेइ वर बटणापाशी राहिला. तेवढं पाहून ती खालच्या अंधारात कुजबुजली, "काका, तो तुमचा मुलगा नाही."

"कशावरून?"

"लोयांगमधलं शेंबडं पोरही सांगेल. थडगी फोडताना बाप वर दोर धरतो आणि पोरगा खाली उतरतो. बाप पोराला टाकून जात नाही, पोराचा भरवसा नसतो. ज्यांनी उलटं केलं त्यांची हाडं आहेत या टेकडीत."

म्हाताऱ्याने तिच्या थोबाडीत मारली. "बहिणीचा आहे. माझ्या अंगाखांद्यावर वाढलाय."

"मग तर जपाच."

दुसऱ्या फटक्याने तिचा ओठ फाटला. रक्त गिळत तिने उजव्या हाताने भिंतीवरचा गाळ खरवडला. तिसऱ्या विटेवर बोटांना कडी लागली. म्हाताऱ्याने कुदळीने वीट फोडली. पलीकडे सहा काशाचे आरसे होते, आणि झाकणाचा मोठा घडा.

दोराला बांधलेली टोपली आरसे घेऊन वर गेली. म्हातारा घडा उचलू लागला तशी ती त्याच्या कानाशी आली. "हा घडाही दिलात तर तो दोर कशासाठी सोडेल?"

म्हातारा थबकला. मग वर तोंड करून ओरडला, "संपलं रे! आता मला घे."

"घडा राहिला की, मामा," वरून लेइचा आवाज आला. "हे भोक म्हणजे नळी आहे. बाईची कुजबुजसुद्धा ऐकू येते मला."

"आधी मी, मग घडा!"

उत्तरादाखल फावडंभर माती म्हाताऱ्याच्या तोंडावर पडली. मग दुसरं फावडं, तिसरं. चौथ्यात दगड होता. त्याचा डोळा फुटला आणि तो गुरासारखा हंबरला. "देतो! देतो, दोर सोड!"

दोर आला. म्हाताऱ्याने घडा बांधला नाही. काखेत घेतला, फासात पाय घातला आणि दोराला हिसका दिला. मोटर गुरगुरली. शाओ पेइ दाराच्या आत सरकली. वर फावडं हाडावर आपटल्याचा आवाज आला, मग पुन्हा. आधी घडा पडला आणि फुटला. "मामा, सोडा! गळा सोडा!" लेइ किंचाळला. मग दोघे एकमेकांना धरून कोसळले. खाली डोक्यावर आपटला तो लेइ. त्याची मान शरीराशी जुळत नव्हती. पाठोपाठ वायर उलगडत बटण आलं आणि भिंतीवर आपटत लोंबकळू लागलं.

म्हातारा जिवंत होता. मांडीचं हाड कापडातून बाहेर आलं होतं.

शाओ पेइने बटण दाबलं. फास खाली आला. तिने त्यात पाय घातला तसा म्हाताऱ्याने दुसरा घोटा धरला.

"मी आधी! मग तुला ओढतो, पोरी!"

तिने वर जायचं बटण दाबलं. मोटर सुरू झाली आणि तो तिच्याबरोबर ओढला जाऊ लागला. तिने दोर घट्ट धरून फासातला पाय काढला आणि त्या उघड्या हाडावर टाच मारली. त्याचा हात सुटला नाही. दुसऱ्यांदा तिने सगळा भार टाकला. त्याच्या किंकाळीने कान बधिर झाले, घोटा मोकळा झाला, आणि तिने पाय पुन्हा फासात घातला.

वर येऊन ती वेलांत पालथी पडली. पॉलिहाऊसमधली कोंदट, उष्ण हवाही तिला गार वाटली. क्रेटवरून फोन उचलून तिने पोलिसांना खेड्याचं नाव सांगितलं. मग म्हाताऱ्याला दोर खाली घेता येऊ नये म्हणून मोटरीचा प्लग उपटला.

"पोरी, दोर!" खालून आवाज आला.

फळी ओढून खड्डा बंद करायला एक हात पुरला असता. तिने फळीवर हात ठेवलाही. मग काढला.

"पोलिस आले की मिळेल दोर. तोवर गप्प पडू नका, काका. मांडी घट्ट बांधा आणि बोलत राहा."

तो शिव्या देऊ लागला. तिला, तिच्या आईला, तिच्या सात पिढ्यांना. दर वेळी आवाज खोल जाऊ लागला की ती काठावरून वाकायची आणि उलट एखादी सणसणीत शिवी हासडायची. मग तो चवताळून पुन्हा सुरू करायचा.