दत्तारामच्या नावाचं औषध

मी औषधाची बाटली बोलतेय. अंगाने काचेची, पाठीवर कातरलेल्या कागदाची पट्टी. एका खुणेएवढा एक डोस. १९५५ साली मुलुंडच्या एका दवाखान्यात माझ्यात पहिल्यांदा खोकल्याचं औषध भरलं आणि वर नाव लिहिलं, दत्ताराम.

दत्ताराम रंगाच्या कारखान्यात कामाला. कामगार विमा नुकताच सुरू झालेला. पगारातून थोडी वर्गणी कापायचे. कार्ड दाखवलं की विम्याचे डॉक्टर तपासून औषध फुकट द्यायचे. पण फक्त कामगाराला. बायकोमुलांना नाही.

आणि खोकत होती त्याची बायको, रत्नप्रभा.

म्हणून तो विम्याच्या डॉक्टर राजाध्यक्षांपुढे खोटंच खोकला होता. घरी आल्यावर त्याने बायकोला बजावलं, "कोणी इचारल्यान तर औषध माझा म्हणान सांग."

"आनि कळला तर? कार्ड जातला, नोकरी जातली!"

दाराशी पावलं वाजली की तो मला डब्यांमागे सरकवायचा. अंधारात माझाही जीव टांगणीला लागायचा.

तीनदा मी भरून आले. "माका आता बरा वाटता," रत्नप्रभा म्हणायची. पण संध्याकाळी तिने मला हातात घेतलं, की तिच्या बोटांचा चटका काचेला लागायचा. माझ्यातल्या औषधाने खोकला दबत होता, दुखणं नाही. हे मला कळत होतं, पण सांगणार कशी?

चौथ्या खेपेला डॉक्टरांनी दत्तारामच्या छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकत राहिले.

"छाती साफ आहे तुझी. खोकतंय कोण?"

दत्तारामने मला दोन्ही हातांनी धरलं होतं. तळवे घामाने इतके ओले, की वाटलं, आता मी निसटून फुटणार.

"बायको," तो म्हणाला. "दीड महिना झाला. ताप पण येतो."

डॉक्टरांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "अरे, जिला मी बघितलीच नाही, तिला माझं औषध पाजलंस? कार्डाचं नंतर बघू. आधी तिला घेऊन ये."

त्यांनी तिला तपासलं, फी घेतली नाही, आणि मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. तिथे छातीचा फोटो काढला. फुफ्फुसाला क्षयाचा डाग निघाला. आधी आणायला हवी होती, तिथले डॉक्टर म्हणाले. पण ठेवून घेतली.

इस्पितळात राहायला निघताना, घरी बोचकं बांधता बांधता तिने विचारलं, "तुमचा कार्ड रवला मा?"

"रवला, गेला नाय," दत्ताराम म्हणाला. खरं तर त्याला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

आज तीन आठवडे झाले. मी फळीवर रिकामी उभी आहे. विमा चालवणाऱ्या मायबापांनो, घरात फक्त कमावणाराच आजारी पडतो, असं तुम्हाला कोणी सांगितलं? आणि घराघरातल्या माणसांनो, दुसऱ्याच्या नावाचं औषध जिवाच्या माणसाला पाजू नका, कितीही माया असली तरी.

इस्पितळात भेटायची वेळ केव्हाच संपली. रोज ती संपली की लगेच परतणारा दत्ताराम आज अजून घरी आलेला नाही.