सरळ बंदूक

काउबॉय नेमबाजीत स्वतःचं नाव चालत नाही. टोपणनाव पाहिजे, मोठ्या काठाची हॅट पाहिजे, आणि घड्याळ चालू असताना छर्र्याच्या बंदुकीनं पाच लोखंडी ताटल्या पटापट वाजवता आल्या पाहिजेत. बुलढाण्यात असा क्लब निघाल्याचं कळलं त्याच दिवशी दहावीतल्या प्रेरणानं नाव ठरवून टाकलं: धाडची वाघीण! हॅट गवताची, काठ सेफ्टीपिना लावून वर वळवलेले. आणि सराव? तो धाडच्या आठवडी बाजारात, बेबीताईंच्या फुगे फोडायच्या गाड्यावर, चांगला सहा महिने. आता तर दहापैकी दहा फुगे फुटायचे.

आज निवड होती. फेऱ्या दोन. कोणत्याही एका फेरीत तीन ताटल्या वाजल्या तर क्लबात, नाहीतर थेट पुढच्या वर्षी.

पहिल्या फेरीत एकही वाजली नाही. एकही!

"वाघीण झोपली वाटते," मागून कोणीतरी म्हणालं. प्रेरणाचे कान तापले.

"प्रेरे, त्या पोत्याकडे पाह्य बे," सोबत आलेली छकुली कुजबुजली.

ताटल्यांमागे पोतं टांगलं होतं. प्रत्येक ताटलीच्या उजवीकडे, बरोबर चार बोटांवर, एकेक भोक.

प्रेरणाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बेबीताईंची बंदूक डावीकडे मारते! म्हणून तर आपला हात चार बोटं उजवीकडे धरायला शिकला.

दुसऱ्या फेरीत तिनं हाताला दहादा बजावलं, सरळ धर, सरळ. टण्! मग हुकली. टण्! पुन्हा हुकली. पाचवीला हात सवयीनं सरकलाच.

"दोन," क्लबच्या सरांनी वहीत लिहिलं. "पुढच्या वर्षी ये बेटा."

धाडचा बाजारही आजच होता. जीपमधून उतरली ती तडक बेबीताईंच्या गाड्यावर.

"ताई, तुमची बंदूक वाकडी हाय!"

"हाव मंग," बेबीताई फुगा फुगवता फुगवता म्हणाल्या. "सरळ असती तं माह्याजवळ एक तरी फुगा राह्यला असता काय?"

"माह्यं सिलेक्शन गेलं ना!"

बेबीताईंचा फुगा हातातच फुस्स झाला. त्या वाकल्या आणि गाड्याखालून दुसरी बंदूक काढली. "हे सरळ हाय. पब्लिकले फोडून दाखवाची."

"सहा महिने हे खाली होती? मले काऊन नाही देल्ली?"

"तू मांगतली कवा? आता घे. दर बाजारी फुगे फोडून दाखव, माह्यं गिऱ्हाईक जमव. थे टोपी घालूनच ये मात्र."

प्रेरणानं रागारागात हॅट कपाळावर ओढली, मधला लाल फुगा हेरला आणि चाप दाबला. उजवीकडच्या फळीत छर्रा खाडकन घुसला. जमलेली माणसं खी खी हसली.

"छर्रा भरा अजून," प्रेरणा दातओठ खात म्हणाली.