बाबांची अर्धी गाडी

पहिलं पॅड पॉलिशच्या मशीनवरून सुटलं ते आत्याच्या कानाजवळून गेलं, भिंतीवर आपटलं आणि उघड्या शटरमधून गडगडत शेजारच्या फ्रेमवाल्याच्या दुकानात शिरलं. थोड्या वेळाने तो ते चिमटीत धरून आला.

"तुमचं काहीतरी आलंय आमच्याकडे," तो म्हणाला. "काचेला लागलं नाही म्हणून हसत आणून देतोय."

"पुढचं येईल ते झेला," आत्या म्हणाली.

बाबा गेल्यानंतर गॅरेज आम्ही पहिल्यांदाच उघडलं होतं. आत त्यांची शेवटची गाडी उभी होती. काळी, मुख्याध्यापिका बाईंची. बाबांची पद्धत अशी, की गाडीच्या मधोमध चिकटपट्टी लावायची, डावी बाजू पूर्ण चकचकीत करायची आणि मालकाला बोलावून दाखवायची. अर्धी गाडी आरसा, अर्धी न पुसलेली पाटी. मालक हरखला, की मग उजवीला हात घालायचा. या गाडीची डावी झाली आणि बाबा गेले.

सकाळी बाईंचा फोन आला. आधी मनापासून हळहळल्या, मग म्हणाल्या, "उद्या मला बहिणीकडे जायचंय. ही अर्धी गाडी पाहिली तर ती मरेपर्यंत हसेल मला. संध्याकाळी मी गाडी घेऊन जाते. पुलापलीकडचा पॉलिशवाला आजच्या आज करून देतो म्हणालाय."

मी पुलापलीकडे फोन लावला. फक्त उजवी बाजू कराल का, म्हणून विचारलं.

"अर्धी कशी करणार, ताई? झळाळी जुळायला नको? सगळी पहिल्यापासून घासावी लागेल."

म्हणजे बाबांच्या हातचं जे शेवटचं होतं, तेच तो आधी घालवणार. मी आत्याला बोलावलं. संध्याकाळच्या आत उजवी बाजू करायची, ती डावीसारखी दिसली पाहिजे आणि डावीला बोटसुद्धा लावायचं नाही, इतकं सोपं होतं.

आत्याने जन्मभर इस्पितळात इंजेक्शनं दिली आणि मी पुस्तकांची मुद्रितं तपासते. बाबांच्या शेजारी स्टुलावर बसून मी लहानपणी पुष्कळ पाहिलं होतं. पण बघून पोहता येत असतं, तर काठावरची म्हातारी माणसं नदी पार करून गेली असती.

फ्रेमवाल्याने आणून दिलेलं पॅड परत लावलं, तर मशीन असं थरथरलं, की आत्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. पॅड चकतीच्या मधोमध बसलं नव्हतं, एका अंगाला बोटभर जास्त होतं. ते नीट बसवलं. मग आत्याने पॅडवर कंपाउंड, म्हणजे घासायचं पांढरं पॉलिश, भरपूर ओतलं आणि मशीन हवेतच सुरू केलं. भिंत, दिवा, मी, सगळ्यांवर पांढरे ठिपके उडाले.

"आत्या! आधी पॅड गाडीवर टेकव, मग बटण!"

"हे इंजेक्शन देण्याआधी सांगायचं असतं."

आणि इतकं ओतायचं नसतं, हेही मला तेव्हाच आठवलं. चार थेंब पुरतात. पॅड चिंब झालं, की ते घासत नाही, नुसतं लोळतं.

मग पॅड फिरायचं थांबलं. मशीन घरघरतंय, आत्या दात-ओठ खाऊन रेटतेय आणि गाडीचं दार जसंच्या तसं. बाबा पॅडच्या कडेवर पेनाने एक रेघ मारायचे. रेघ फिरताना दिसली तर काम होतंय. रेघ जागच्या जागी थरथरली, तर आपण जास्त दाबतोय.

"हलका हात ठेव. आतोबांना चेपतेस तसं नको."

"तुझे आतोबा कधीच हलले नाहीत, ते वेगळं. कसंही दाबा."

हात हलका झाला, रेघ फिरू लागली, आम्ही दोघींनी "हां!" म्हटलं आणि तेच पॅड पुन्हा सुटून खिडकीच्या गजात जाऊन बसलं. दुसरं लावलं, ते बादलीत पडलं. तिसऱ्याचा स्पंज एकीकडे गेला आणि पाठ चकतीला चिकटून राहिली. आत्या बाकाआड बसून "आता कुठून?" म्हणून ओरडत होती. मी हसू आवरत फरशीवरून एक पॅड उचललं आणि नाकाला लावलं.

गुलाब.

"याचा वास घे," मी म्हटलं.

आत्याने घेतला. "अगं बाई. वहिनी!"

बाबा गेल्यापासून आई धूत होती. पडदे, गाद्यांच्या खोळी, बुटांच्या नाड्या. घरातलं काही उरलं नाही, तेव्हा ती गॅरेजमध्ये उतरली असणार. पॅडच्या पाठीचा वेल्क्रो मऊ पडून सपाट झाला होता आणि त्याखालचा गोंद सुटत होता.

गोंगाट ऐकून आई जिन्यावरून खाली आलीच. "वन्सं, काय चाललंय? रस्त्यापर्यंत आवाज येतोय."

"वहिनी, ही पॅडं तुम्ही धुतलीत?"

"मग? किती मळली होती! उकळत्या पाण्यात टाकली. शेवटी ते कपड्यांना वासाचं घालतात ना, तेही घातलं दोन झाकणं."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग ती पोट धरून बाकावर बसली. तिचं हसणं थांबेपर्यंत पुलापलीकडचा काय करणार आहे, ते मी आईला समजावून सांगितलं. उकळलेली पॅडं मशीनवर टिकत नाहीत, हेही सांगितलं, शक्य तेवढ्या वरवर. आई आली तशी वर निघून गेली.

"दुखावली," आत्या कुजबुजली.

पण आई परत आली. हातात उशीचा अभ्रा आणि अभ्र्यात एक पॅड. काळंकुट्ट, वाळलेल्या कंपाउंडने कडक झालेलं.

"हे धुवायचं राहिलं," ती म्हणाली.

धुवायच्या राहिलेल्या वस्तू आमच्याकडे उशीच्या अभ्र्यात ठेवत नाहीत. आत्याने छताकडे पाहिलं, मी बादलीकडे.

पाठ शाबूत होती. फक्त असं कडक पॅड फिरवलं तर गाडीवर चरे उठले असते.

"आई, यातलं आधीचं सगळं काढावं लागेल," मी हळूच म्हटलं. "ब्रशने."

"मग काढ ना. बघत काय बसलीस?" मी ब्रश घेतला, तेवढ्यात, "दे इकडे," म्हणाली.

मी मशीन उलटं धरून हळू सुरू केलं आणि आईने फिरत्या पॅडवर ब्रश दाबला. करड्या धुळीचा लोट उठला. आईचे केस, भुवया, पापण्या सगळं राखाडी झालं. तिला शिंक आली, मग मला, मग आत्याला, मग शटरबाहेरून फ्रेमवाल्याची ऐकू आली. पॅडचा मूळ रंग वर येईपर्यंत आईने ब्रश सोडला नाही. माझा हात मशीनवर घट्ट होता. मी पॅडकडे न बघता त्याच्या कडेवरच्या बाबांच्या रेघेकडे बघत होते.

मग मी दोन पट्टे मारले, आत्याने एक. आई मागे उभी.

"तुम्ही दोघी गाडीला गुदगुल्या करताय," ती म्हणाली. "सरका."

तिने मशीन कधी हातात धरलं नव्हतं. पण तिने ते टेकवलं, मग बटण दाबलं आणि इस्त्री फिरवावी तसं सावकाश, आडवं, मग उभं फिरवत नेलं. मी मागून कापडाने पुसलं आणि उजव्या दारात आम्ही तिघी दिसलो, ठिपक्यांसकट. आत्याने चक्क गिरकी घेतली. ते दार झालं, दुसरं दार झालं, बॉनेट चिकटपट्टीपर्यंत आलं. तिने पट्टी ओढून काढली, बोळा करून टाकला आणि मशीन घेऊन गाडीला वळसा घालून डावीकडे गेली.

"आई, नाही!"

मशीनच्या आवाजात तिला काय ऐकू येणार? पॅड बाबांच्या दारावर टेकलं. "वहिनी!" म्हणत आत्या प्लगकडे धावली आणि तिने जोर लावून दिव्याचा प्लग उपटला. अंधारात मशीन आनंदाने घरघरत राहिलं.

आईने स्वतःच बटण बंद केलं. "दिवा कुणी घालवला?"

"वहिनी, ती दादाची बाजू! तिच्यासाठीच तर..."

"माहीत आहे कुणाची ते. हँडलच्या खाली बघा."

मी टॉर्च मारला. हँडलखाली, दार जिथे आत वळतं तिथे, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा होत्या.

"प्रत्येक गाडीला तिथेच या रेघा ठेवायचे. हात तिरका व्हायचा. इतकी वर्षं सांगतेय. म्हणायचे, तुला दिसतं, मालकाला दिसत नाही." तिने भुवईवरची धूळ मनगटाने पुसली. "आज बरे सापडले. आज उलट बोलणार नाहीत."

एवढ्यासाठीच सगळं केलं होतं, की त्या बाजूला कुणी हात लावू नये. मी टॉर्च धरून उभी राहिले. हे भांडण माझ्या जन्माआधीपासूनचं होतं आणि त्यात पडण्याचा मला कधीच अधिकार नव्हता. मी दिव्याचा प्लग परत लावला.

बाई आल्या तेव्हा आम्ही शेवटचं पुसत होतो. त्यांनी गाडीभोवती परीक्षेच्या वर्गातून फिरतात तशी फेरी मारली. उजव्या दाराशी थांबल्या, तळवा जवळ नेला, पण लावला नाही.

"ही त्यांची बाजू," त्या म्हणाल्या. "त्यांचा हात लगेच ओळखू येतो हो."

आत्या वळून भिंतीकडे बघू लागली. आईने ओठ घट्ट मिटले. मग तिचे खांदे हलायला लागले, मग ती कापड तोंडात कोंबून गाडीला टेकली.

"अहो, रडा," बाई तिच्या राखाडी डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "असं कोंडून ठेवू नये. मनमोकळं रडा."

हे ऐकून आईचा उरलासुरला धीर सुटला. ती बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकं हसली, इतकं हसली, की शेवटी शेवटी बाईंचंच खरं झालं.