मी बोल्टनमध्ये वेल्श झाले

मी एक पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे. तळहाताएवढी, काचेची, आतून उजळणारी. इंग्लंडमधल्या बोल्टन गावात, बँगर स्ट्रीटवर, जेमा रॅम्सबॉटमच्या स्वयंपाकघरात टोस्टर आणि खिडकी यांच्यामध्ये मी उभी असते. घरात वीज किती जळतेय, गॅस किती जातोय ते दाखवायचं, एवढंच माझं काम. थोडं जळत असलं की मी हिरवी, मध्यम असलं की पिवळी, आणि कुणी विजेची किटली लावली की लालभडक. खरं सांगायचं तर लोकांना काळजी लावणं हाच माझा धंदा.

पण त्या मार्चमध्ये जेमाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, ते माझ्यामुळे नाही. ती सगळ्यांना तसं सांगायची खरी. "बिलाच्या विचारानं झोपच येत नाही हो, मॉरीन," असं ती सासूला म्हणाली, तेव्हा मी हिरवी होते. अगदी हिरवीगार. खोटं बोलत होती.

खरी काळजी होती तिची मुलगी नेल. नेल अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. तिला ऐकू यायचं, कळायचं, "बूट आण" म्हटलं की दोन्ही बूट आणायची, तेही बरोबर जोडीचे. तोंड मात्र बंद. आणि तीन आठवड्यांनी, गुरुवारी, मुलांची वाढ तपासणाऱ्या नर्सबाई घरी येणार होत्या. त्यांनी आधीच एक फॉर्म पाठवला होता. 'मूल साधारण किती शब्द बोलते?' जेमानं पेन्सिलीनं पाच लिहिलं. मग खोडलं. तीन लिहिलं. मग ते तीन कुठले म्हणून बसून आठवायला लागली, आणि खोडता खोडता कागदालाच भोक पडलं.

एखाद्या गोष्टीचं काहीच करता येत नसलं की माणसं दुसरीच कुठलीतरी गोष्ट हातात घेतात, हे मी इथे उभ्या उभ्या शिकले. जेमानं विजेची कंपनी बदलायला घेतली.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. शुद्धीवर आले ती एका माणसाच्या हातात. त्यानं बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या होत्या आणि चहात दोन चमचे साखर मागितली होती. जिन्याखालच्या कपाटात त्यानं मीटर बसवला आणि मला इथे ठेवलं. मीटर मला आतून निरोप पाठवतो, मी तो दाखवते. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. वीज तेव्हा एका कंपनीची होती, तिच्या बिलावर नांगराचं चित्र असायचं.

घरच्यांनी मला आपापल्या परीनं सोसलं. जेमाचा नवरा वेस फरशा बसवतो. तो घरी आला की मी दिसू नये म्हणून माझ्यासमोर पावाचा पुडा उभा करायचा आणि मग अंघोळीला जायचा. मॉरीनबाई दोन घरं सोडून राहतात. त्या ओव्हन लावण्याआधी मला भिंतीकडे तोंड करून ठेवायच्या. "पाहुण्यांसमोर असं लाल व्हायचं नसतं," असं मला बजावायच्या. पाहुण्या म्हणजे त्या स्वतःच. जेमा मात्र दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघायची आणि उसासा टाकायची. नेलला बोलता येत नव्हतं, पण उसासा उत्तम यायचा. कुशीत असली की आईनंतर लगेच टाकायची.

बिलावर बदकाचं चित्र असलेली कंपनी स्वस्त आहे, असं जेमाला आठवडाभर आकडे ताडून पाहिल्यावर कळलं. मग नांगरवाल्यांचा फोन आला. का सोडून चाललात, आमचं काही चुकलं का, असं ती बाई विचारत होती. जेमानं तिची चार वेळा माफी मागितली.

"वीज बदलतेयस की साखरपुडा मोडतेयस?" वेस म्हणाला.

"तिचा आवाज ऐकून वाईट वाटलं रे."

मॉरीनबाईंची शंका वेगळी होती. "नवी वायर टाकायला कोण येणार?"

"कुणी नाही. वायर तीच राहते."

"आणि मीटर?"

"तोच."

"वीज?"

"वीजपण तीच, मॉरीन. फक्त बिल दुसरं कुणीतरी पाठवणार."

मॉरीनबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे तीच म्हैस, फक्त गवळी दुसरा," असं काही त्या म्हणाल्या नाहीत, त्यांच्याकडे म्हशी नसतात. त्या म्हणाल्या, "मला तर कुणीतरी फसवतंय असं वाटतं," आणि पुढचे पाच दिवस चहा पाणचट लागतोय म्हणत राहिल्या. कंपनी अजून बदललीही नव्हती.

सहाव्या दिवशी ती बदलली, आणि सकाळी मी जागी झाले ती वेल्श भाषेत.

मला आतून काहीच वेगळं वाटत नव्हतं. नेहमीसारखं 'आज' लिहायला गेले तर 'हेद्यु' उमटलं. गॅसच्या जागी 'नुय'. विजेच्या जागी 'त्रदन'. जेमानं किटली लावली, मी सवयीनं लाल झाले आणि 'जास्त' म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाले 'इखेल'.

"वेस, कुणीतरी आपल्या घरात शिरलंय," जेमा म्हणाली.

मॉरीनबाईंनी चष्मा लावून मला वाचलं. "हे वेल्श आहे गं पोरी. आम्ही दर ऑगस्टला वेल्समध्ये रिलला कॅरव्हान भाड्यानं घ्यायचो ना, तिथे पाट्यांवर असंच असायचं. निम्मं वाचेपर्यंत वळण निघून जायचं."

जेमानं बदकवाल्यांना फोन लावला. फोनवरची बासरी ऐकत चाळीस मिनिटं थांबली. मग एक माणूस आला.

"तुमची पाटी वेल्शमध्ये आहे, कारण तुम्ही वेल्समध्ये आहात, मॅडम."

"मी बोल्टनमध्ये आहे."

"इथे बँगर लिहिलंय. बँगर वेल्समध्ये आहे."

"ते रस्त्याचं नाव आहे."

"आमचा कॉम्प्युटर म्हणतो तुम्ही वेल्समध्ये आहात."

जेमानं खिडकीतून बाहेर पाहिलं. खरंच पाहिलं, मी शेजारीच होते. समोर नेहमीचं चिप्सचं दुकान होतं, तरी तिनं क्षणभर विचार केला. ती अशीच आहे. कुणी ठामपणे सांगितलं की आधी स्वतःवर शंका घेते. मग म्हणाली, "बोल्टनच आहे. बहुतेक."

तो म्हणाला, वेल्समध्ये राहत नसल्याचा काही पुरावा असेल तर पाठवा. नाहीतर पाटीवरच्या यादीत जाऊन 'भाषा' या शब्दावर बोट ठेवा.

"यादीपण वेल्शमध्ये आहे. 'भाषा'ला काय म्हणतात?"

"मला कसं माहीत असणार, मॅडम? मी इंग्लंडातला, ब्लॅकबर्नचा."

पुरावा म्हणून तिनं चिप्सच्या दुकानाचा फोटो पाठवला. तोवर माझं वाचन अडायला नको म्हणून मोबाईलवर एकेक शब्द शोधून, उच्चार ऐकून, फ्रिजवर चिठ्ठी लावली. आणि रोज सकाळी नेलला कडेवर घेऊन मला मोठ्यानं वाचायला लागली.

एक गोष्ट मी आधी सांगायला हवी होती. जेमा नेलला बोलायला शिकवत नव्हती असं नाही. रोज तासभर शिकवायची. "कप. म्हण नेल, कप. कप, राणी." पण म्हणताना तिचा चेहरा असा काही व्हायचा, जणू या कपावर सगळं जग टांगलंय. नेल त्या चेहऱ्याकडे बघायची आणि ओठ आणखी घट्ट मिटायची. मीही मिटले असते.

मला वाचताना तो चेहरा नसायचा. वेल्शमध्ये चुकायला जेमा मोकळी होती. 'इखेल'मधला 'ख' काढताना ती घशात घोडा अडकल्यासारखा आवाज करायची आणि स्वतःच हसायची. मी हिरवी झाले की 'इसेल', म्हणजे कमी, हे कुजबुजून म्हणायची. नेल आईच्या तोंडात वाकून बघायची, आवाज कुठून येतोय ते.

नर्सबाई येण्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, वेसनं किटली लावली. मी लाल झाले.

"इखेल," नेल म्हणाली.

जेमाच्या हातातला चमचा पडला.

"घशात काहीतरी अडकलं असेल," वेस म्हणाला. त्यानं तिच्या पाठीत हलकी थाप मारली.

"इखेल," नेल त्याला म्हणाली. या वेळी जरा रागानं.

त्या दिवशी ती ओव्हनला इखेल म्हणाली, हीटरला म्हणाली, जोरात बोलणाऱ्या मॉरीनबाईंना म्हणाली. जेमा आनंदानं रडली आणि अश्रू वाळायच्या आत नवी काळजी घेऊन बसली. हा शब्द फॉर्मवर धरतात का? आणि पोर यापुढे वेल्शच बोलली तर?

"तर आपण रिलला राहायला जाऊ," मॉरीनबाई म्हणाल्या. "कॅरव्हान स्वस्त मिळतात."

बुधवारी बदकवाल्यांचं पत्र आलं. चिप्सच्या दुकानाचा पुरावा मान्य झाला होता. गुरुवारी सकाळी दहा वाजता माझी भाषा पूर्ववत होणार होती. नर्सबाई साडेदहाला येणार होत्या.

जेमानं धावत जाऊन फोन लावला. तोच ब्लॅकबर्नचा माणूस.

"माझी पाटी वेल्शच राहू द्या."

"पण तुम्ही बोल्टनमध्ये आहात ना, मॅडम?"

जेमानं डोळे मिटले. "वेल्समध्ये आहे."

"गेल्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात..."

"माझी समजूत चुकली होती."

"काही पुरावा?"

गुरुवारी दहाला मी इंग्रज झाले. मी अडून पाहिलं, पण आमच्या जातीला अडणं शिकवलेलं नाही.

साडेदहाला नर्सबाई आल्या, अडेयेमीबाई, शांत, मोठ्या पिशवीच्या. त्यांनी ठोकळे काढले, चित्रांचं पुस्तक काढलं. नेलनं ठोकळ्यांचा मनोरा रचला, तोंडातून मात्र अवाक्षर नाही. जेमानं पुन्हा तो कपाचा चेहरा केला. नेलनं ओठ मिटले.

"ती बोलते," जेमा म्हणाली. "मंगळवारपासून. पण वेल्श बोलते."

"अरे वा. घरात वेल्श कोण बोलतं?"

जेमानं माझ्याकडे बोट दाखवलं.

अडेयेमीबाईंनी मला पाहिलं. मग जेमाला पाहिलं. "ही?"

"आता नाही बोलत. दहा वाजेपर्यंत बोलायची."

पेन कागदाच्या वर थांबलं. आता त्या काय लिहिणार, कुणाबद्दल लिहिणार, हे जेमाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ती उठली आणि काय करावं न सुचून किटली लावली, कारण या देशात दुसरं काही करत नाहीत.

इथेच माझं म्हणणं मांडून घेते. नंतर माझ्याकडे कुणाचं लक्ष असणार नाही. कंपन्या खुशाल बदला. नांगर काय, बदक काय, मला सगळे सारखे. फक्त मला नुसतं बघून उसासा टाकू नका. मोठ्यानं वाचा. चुकीचं वाचलंत तरी चालेल, हसत वाचा. तुमच्या कडेवर जे कोण आहे, ते तुमच्या तोंडाकडे बघतंय. माझा काय भरवसा, पुढच्या स्वस्त कंपनीत मी कदाचित मुकीच होईन.

किटली सूं सूं करायला लागली. मी लाल झाले, आणि स्वच्छ इंग्रजीत, ठळक अक्षरांत 'जास्त' असं लिहिलं.

नेलनं ठोकळा खाली ठेवला. उठून माझ्यापाशी आली, टाचा उंच करून माझ्याकडे नीट बघितलं. मग घरात आजवर कुणीच, नांगरवाल्यांपुढे नाही की बदकवाल्यांपुढे नाही, ठणकावून बोललं नव्हतं असा इंग्रजी शब्द ती बोलली, आणि त्याला दुसरा जोडून मला सुधारलं.

"नाही," नेल म्हणाली. "इखेल."