खाली कॉम्प्रेसर चालू आहे

मित्रांनो, मी एक जुना एअर कॉम्प्रेसर आहे. बाहेरची हवा ओढायची, दाबून टाकीत साठवायची आणि नळीवाटे परत द्यायची, हे माझे काम. माझ्या हवेवर स्प्रे गन चालते, खिळे मारायची गन चालते, टायर फुगतात, खिडकीच्या जाळीत वर्षभर बसलेली धूळ एका झोतात उडते. पण मी आज जे सांगणार आहे, ते आजवर कोणाला सांगू शकलो नाही. तुम्ही ऐकायला बसला आहात, तर सांगून टाकतो.

लखनौच्या चिनहट भागात कारखान्यांच्या रांगेत एक पत्र्याची शेड आहे. तिथे राजेश मिस्त्रींनी मला जोडले. पन्नास लिटरची टाकी, तिच्यावर पंप, शेजारी मोटर आणि दोघांमध्ये काळा पट्टा. टाकीच्या बुडाशी त्यांनी बोटाएवढा पितळी कॉक बसवला. हवा दाबली की तिच्यातल्या ओलाव्याचे पाणी होते आणि ते बुडाशी साचते. ते रोज काढावे लागते, नाहीतर लोखंड आतून गंजते. मला न्यायला आलेल्या गृहस्थांना राजेशनी हे दोनदा बजावले. गृहस्थ हसून म्हणाले, "भैया, तीस साल यही काम किया है।"

त्यांचे नाव दिनकरराव. मूळचे मिरजेचे. एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली म्हणून तरुणपणी लखनौला आले आणि इथेच राहिले. निवृत्त झाल्यावर वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत त्यांनी घर बांधले. वर राहायची जागा, खाली गॅरेज. गाडी त्यांनी कधी घेतली नाही. गॅरेजमध्ये मी होतो.

नऊ वर्षे मी त्यांच्या हाताखाली काम केले. त्यांनी घरातली प्रत्येक लोखंडी वस्तू माझ्या हवेने रंगवली. मुलीचे, कौमुदीचे, अभ्यासाचे टेबल खिळ्यांच्या गनने जोडले. हार्मोनियमचे सूर धुळीने चिकटले, तर दाब अगदी कमी करून एकेक पट्टी फुंकरीने साफ केली. आजूबाजूचे लोक स्कूटर ढकलत आणत. "अंकलजी, जरा हवा देख लीजिए," असे म्हणत, आणि दिनकरराव हातातले काम टाकून उठत. संध्याकाळी ते स्टुलावर बसत, वाकून कॉक उघडत, पाणी निघून जाईपर्यंत थांबत आणि मग माझ्यावरून ओले फडके फिरवत. त्यांचे मित्र म्हणत, मशीन असावे तर असे. मला फार बरे वाटे.

माझा आवाज मात्र घरात कोणालाच आवडत नसे. नयनाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला राक्षस म्हणत. जेवायला बोलवायचे तर त्या जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पळी आपटत, तेव्हा कुठे दिनकररावांना पत्ता लागे. ते कानांत कापसाचे बोळे घालूनच काम करत.

तो मार्च महिना होता. उन्हाळ्याआधी कूलर रंगवायचा म्हणून त्यांनी तो गॅरेजमध्ये आणला. रस्त्यावरची धूळ ओल्या रंगावर बसू नये म्हणून शटर अर्ध्यावर ओढले. दुपारचे साडेतीन झाले असतील. कूलरच्या दोन बाजू आकाशी झाल्या होत्या. तिसरीवर ते गन फिरवत होते, आणि माझी टाकी भरत होती.

त्यांचा हात थांबला. गन खाली गेली. त्यांनी दुसरा हात छातीवर ठेवला आणि स्टूल शोधले. बसता आले नाही, तेव्हा माझ्या टाकीला धरून ते जमिनीवर टेकले. मग त्यांनी हाक मारली.

"नयना," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "नयना, हे बंद कर गं."

मित्रांनो, ही हाक माझ्याशिवाय कोणीही ऐकली नाही. ती माझ्या अगदी जवळून आली आणि माझ्याच आवाजात बुडाली. मला थांबता येत नव्हते. टाकी भरली की माझी मोटर आपोआप थांबते, त्याआधी नाही. ती भरायला आणखी दोन मिनिटे लागली. मी थांबलो तेव्हा गॅरेजमध्ये खूप शांतता झाली, पण तोवर त्यांच्यात हाक मारायचे बळ उरले नव्हते.

अर्ध्या तासाने नयनाताई चहा घेऊन खाली आल्या.

पुढचे मी सांगत नाही. शेजाऱ्यांनी गाडी काढली. शटर उघडेच राहिले. माझे बटण बंद करायचे कोणाला सुचले नाही, आणि त्यातून पुढचे सगळे घडले.

गनच्या जोडाजवळ माझ्या नळीत एक बारीक गळती होती. दिनकरराव ती त्याच आठवड्यात काढणार होते. तिथून हवा थोडी थोडी निसटे. दाब खुणेच्या खाली गेला की मोटर पुन्हा सुरू होते, टाकी भरते आणि थांबते. यंत्राचा हा साधा नियम. पण वर बसलेल्या माणसांना तो ठाऊक नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात मिरजेहून आलेली माणसे बसली होती. आधीच्या दोन दिवसांच्या धावपळीत माझ्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. ती आली आणि मी सुरू झालो. वरचे बोलणे एकदम थांबलेले मला खालूनही जाणवले. दिनकररावांचे धाकटे भाऊ नरहर धावत खाली आले. गॅरेजमध्ये कोणी नव्हते. अर्धा आकाशी कूलर, स्टूल आणि मी.  त्यांनी बटणाकडे हात नेला तेवढ्यात जिन्यावरून नयनाताई म्हणाल्या, "राहू द्या भावोजी. चालू असू दे."

त्या शब्दांवर सहा महिने गेले.

माणसे परत गेली. मी दर दोन-अडीच तासांनी सुरू होत राहिलो. कौमुदी एका खाजगी कंपनीत कामाला होती, घरूनच काम करायची. मी सुरू झालो की तिच्या मीटिंगमधले लोक विचारत, हा आवाज कसला. ती माइक बंद करायची. एकदा मात्र ती आईला म्हणाली, "आई, बंद कर दो ना इसे। मुझे डर लगता है।" मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तर हिंदीतच यायचे. नयनाताईंनी तिला सांगितले की आवाज आला की त्यांना वाटते, खाली काम चालले आहे, थोड्या वेळाने वर येतील. कौमुदीने पुन्हा विषय काढला नाही.

रोज दुपारी नयनाताई स्वतःचा चहा घेऊन खाली यायच्या. दिनकररावांच्या स्टुलावर, माझ्यापासून हातभर अंतरावर बसायच्या. मी सुरू झालो की डोळे मिटायच्या. एका दुपारी त्यांनी माझ्याकडे बघत अगदी हळू विचारले, "हाक मारली होती का त्यांनी?"

मी सगळे जाणत होतो आणि मला बोलता येत नव्हते. नेमका त्याच वेळी दाब उतरला आणि मी घरघरू लागलो. त्या दचकल्या. त्यांनी ते उत्तर मानले की काय, देव जाणे.

इकडे माझ्या पोटात पाणी साचत होते. कॉक उघडायचे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. मग पावसाळा आला. हवा इतकी दमट की प्रत्येक खेपेला मी चमचाभर पाणीच ओढत होतो. टाकीचे बूड आधीच एका जागी पातळ झाले होते. आता ते गंजून पापुद्रे सुटू लागले. बाहेरच्या रंगावर तपकिरी घाम येऊ लागला. मित्रांनो, दाबलेली हवा कोंडलेल्या जनावरासारखी असते. पत्रा फाटला की ती समोरच्याला ओळखत नाही. आणि माझ्यासमोर रोज दुपारी नयनाताई बसत होत्या. मी त्यांच्या नवऱ्याची हाक गिळली होती. आता त्यांनाही माझ्यामुळेच काही होणार, या भीतीने मी प्रत्येक वेळी सुरू होत होतो.

सप्टेंबरमध्ये कौमुदीला माझ्या अंगावरची कारखान्याची पट्टी दिसली. तिच्यावर चिनहटच्या शेडचा फोन नंबर होता. आईला न विचारता तिने तो लावला. दुसऱ्याच दिवशी दुपारी राजेश मिस्त्री आले. केस पिकले होते, पण मी त्यांना लगेच ओळखले. त्यांनी खाली वाकून पाहिले, पान्याने बुडावर हलकेच टकटक केली आणि लगेच बटण बंद केले.

नुकतीच सुरू झालेली माझी घरघर मध्येच तुटली, तशा नयनाताई धडधडत खाली आल्या. "किसने बंद किया?"

राजेश उठून उभे राहिले. त्यांनी शांतपणे समजावले की नळी गळते म्हणून हे आपोआप सुरू होते, यात दुसरे काही नाही. मग टाकीकडे बोट दाखवून म्हणाले, "भाभीजी, ये फट सकती है। आप यहाँ बैठती हैं, बिटिया ऊपर बैठती है।"

नयनाताई टाकीजवळ आल्या. मग त्यांनी विचारले, टाकीत जी हवा आहे ती दिनकररावांनी भरलेली आहे का? राजेशना खोटे बोलणे सोपे होते. पण त्यांनी नकारार्थी मान हलवली. ती हवा त्याच दिवशी गळून गेली, ही सगळी नंतरची, असे ते म्हणाले.

तेव्हा नयनाताई स्टुलावर बसल्या आणि सहा महिने मनात ठेवलेली गोष्ट त्यांनी मुलीला सांगितली.

"त्या दिवशी मी ओट्यापाशी होते. मला कोणाची तरी हाक ऐकू आली होती, कौमुदी. मला वाटलं सब्जीवाला आहे. मी भाजी परतत राहिले."

कौमुदी रडू लागली. राजेशना मराठी येत नव्हते. कौमुदीने रडत रडत त्यांना हिंदीत सांगितले. त्यांनी डोक्यावरचा गमछा काढला, थोडा विचार केला आणि म्हणाले की मशीन चालू असताना हाक वर पोचते का, हे तपासून बघता येईल.

त्यांनी माझा कॉक पूर्ण उघडला. हवेच्या जोराने गंजाचे लालतपकिरी पाणी बदाबदा वाहिले. गॅरेजभर पसरले. कॉक त्यांनी उघडाच ठेवला, म्हणजे मोटर चालली तरी दाब चढणार नाही. शटर त्या दिवशीसारखे अर्ध्यावर ओढले. नयनाताईंना वर ओट्यापाशी उभे राहायला सांगितले. कौमुदीला माझ्याजवळ, जमिनीवर बसवले. मग मला सुरू केले.

"आई!" कौमुदी ओरडली. जेवढा जोर होता तेवढा लावून ओरडली. "आई! आई!"

वरून काही आले नाही. ती पुन्हा ओरडली. मग राजेशनी हाक मारली, भारदस्त पुरुषी आवाजात, दोनदा. तरीही काही नाही. काही वेळाने जिन्यावर पावले वाजली. नयनाताई खाली आल्या आणि माझ्या आवाजावर आवाज चढवून मुलीला विचारू लागल्या, "अगं, हाक कधी मारणार आहेस?"

कौमुदीचा घसा बसला होता. "मारली," ती मराठीत म्हणाली. "खूप वेळा मारली, आई."

नयनाताईंनी आधी तिच्याकडे पाहिले. मग राजेशकडे. राजेशनी मान डोलावली. पाण्याने भिजलेल्या जमिनीवर त्या मुलीशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तो सब्जीवालाच होता." हे त्या तीन-चार वेळा म्हणाल्या. मग उठल्या, पदराने हात पुसला आणि माझे बटण स्वतः बंद केले.

'हे बंद कर गं,' दिनकररावांनी त्यांना हेच तर सांगितले होते. त्यांना ते कधीच कळणार नाही. ते फक्त मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

राजेशनी मोटर आणि पंप नेले. टाकी पुन्हा कोणी वापरू नये म्हणून ती मधून कापली आणि लखनौतल्याच सरोजिनी नगरच्या एका प्रशिक्षण केंद्राला दिली. मी इथे टेबलावर उघडा पडून असतो. तुम्ही शिकायला येता, आत बोट फिरवता, गंजाचा पापुद्रा नखावर घेऊन बघता. इथे मला आवाज नाही. वर्ग सुटल्यावर खोली रिकामी होते, तेव्हा दिनकररावांच्या त्या दोन हाका मला रोज ऐकू येतात. मी त्या थांबवू शकत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी उद्या असे एखादे यंत्र येईल. त्याच्या पोटातले पाणी रोज काढा. काम झाले की हवा सोडून द्या, बटण बंद करा आणि गळती उद्यावर टाकू नका. कोणी एकटे यंत्रापाशी काम करत असेल, तर दर थोड्या वेळाने जाऊन डोळ्यांनी बघून या. आणि तुम्ही स्वतः काम करत असाल, तर मधूनमधून यंत्र थांबवा. ते गरम झाले नसले तरी थांबवा. कानांतले बोळे काढा आणि घराकडे कान द्या. कदाचित कोणी तुम्हाला बोलावत असेल.