जिवंत पुड्या

उंची मोजायच्या फळीवर बटाणीला आडवं झोपवलं. नर्सताईंनी पायाकडची पट्टी सरकवली, पुन्हा सरकवली, आणि तेवढ्यानेच तिच्या आईला कळलं. पोर बोटभरही वाढलेली नव्हती.

"पुडी रोज देतेस ना?"

"रोज देते."

"मग प्रयोगशाळावाले का म्हणतात, तिच्या शीमध्ये पुडीतल्या जंतूंचा मागमूस नाही? असंच राहिलं तर तिच्या पुड्या बंद करतील."

आईचं डोकंच सणकलं. पुडीतले चांगले जंतू पोटात नीट रुजले नाहीत, तर उपाशी पोराला दिलेला घासही अंगी लागत नाही, हे ताईंनीच तिला समजावलं होतं. लॉन्ड्रीतली इस्त्री बाजूला ठेवून ती पोरीला भरवायला घरी पळत यायची. वर सासूबाई डिवचायच्या, "खाल्लेलं जातं कुठे हिचं? तूच गिळत असशील." आता इथेही तेच!

"घरी चला, ताई. डोळ्यांनी बघा, मग बोला."

दारातच सासूबाई म्हणाल्या, "आल्या का चोर पकडायला?"

आईने सरळ लापशी शिजायला ठेवली. ती रटरटायला लागली तशी तिने पुडी फोडली, पातेल्यात रिकामी केली, ढवळली आणि झाकण ठेवलं.

"अगं, अगं! उकळत्यात?"

"मग कशात? पोरीला जुलाब झाले तेव्हा इथेच बसून कोण सांगत होतं, पाणी उकळ, दूध उकळ, जंतू मेले पाहिजेत म्हणून?"

"ते जंतू वेगळे! हे पोटात जिवंत पोचायला हवेत. मी कोमट लापशीत घाल म्हटलं नव्हतं?"

"खाण्यात मिसळून दे म्हणालात. कुठले मारायचे आणि कुठले पाळायचे, हे काय जंतू येऊन सांगणार होते मला?"

सासूबाईंना फिसकन हसू आलं. ताईंना आलं नाही. त्या पातेल्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे इतके महिने मी मेलेलेच भरवले," आई म्हणाली.

"मी प्रयोगशाळेत सांगते. पहिल्यापासून सुरू करू."

"आणि गेलेले महिने? तेवढी उंची भरून निघेल?"

"थोडी निघेल कदाचित." ताई अडखळल्या. "खरं सांगू? मला माहीत नाही."

आईला भांडायचं होतं, पण कोणाशी भांडायचं तेच कळेना. तिने लापशी वाटीत ओतली, वाटी थंड पाण्याच्या ताटात ठेवली आणि नवी पुडी हातात घेतली. वास लागताच बटाणी रडत वाटीकडे झेपावली.

"दे की गं, भुकेली आहे पोर!" सासूबाई म्हणाल्या.

"थांबा!"

तिने लापशीत बोट बुडवलं. चटका बसला. बटाणी तिच्या गुडघ्याला धडका देत किंचाळत होती, आणि ती वाटी उंच धरून, दातओठ खात, फुंकर घालत राहिली.