नेपाळहून परत आलेली हळद

लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या ऑफिसातून निघून पुसदजवळच्या तांड्यावर पोचेपर्यंत एसटीत धर्मपालचं अंग आंबून गेलं. तांड्यातल्या बायकांच्या गटाची हळद नेपाळला पोचती करायची, हे त्याचं काम. ही नववी फेरी. एक कागद जमवावा तर सरहद्दीवरचा साहेब दुसराच मागायचा. माणूस नुसता चालत नेपाळात जातो, हळदीला मात्र अकरा दाखले लागतात. त्याचा जीव विटला होता.

त्यातून पहिली खेप परत आली होती. तपासणीत हळदीत लाल रंग सापडला. तो कसा आला हे आज संध्याकाळपर्यंत लिहून दिलं, तर तिथला व्यापारी दुसरी खेप घेणार होता. नाहीतर कायमचा रामराम.

"लिवा साहेब," गटाची अध्यक्ष जमनाबाई म्हणाली. "बिजलीबाईनं रंग टाकला. चक्कीवर तीच राह्यते. गटातून काढलं आमी तिले."

बिजलीबाई दाराशी बसली होती. "म्या नाई टाकला जी," एवढंच ती म्हणाली. आठवडाभर हेच सांगून तिचा घसा बसला होता.

धर्मपालनं पेन उघडलं. समोर भिंतीवर पहिली खेप रवाना झाली त्या दिवसाचा फोटो होता. पाहुणा म्हणून पहिल्या पोत्याची पूजा त्यालाच करायला लावली होती. त्याच्या बौद्ध घरात तीन पिढ्यांत कुंकू नाही. पण बायकांचं मन कसं मोडावं म्हणून त्यानं ते घेतलं, आणि किती घ्यायचं ते ठाऊक नसल्यानं चांगलं मूठभर उधळलं. फोटोत पोत्याचं तोंड उघडंच होतं. तपासणीचा नमुनाही पहिल्याच पोत्यातला, हे त्यानं अहवालात तीनदा वाचलं होतं. कुंकवाला रंग म्हणून कुणी धरलंच नव्हतं.

धर्मपालनं पेन मिटलं. त्यानं सगळं सांगून टाकलं.

आधी बोलली ती बिजलीबाई. "माहंच नाव लिवा साहेब. तुमची नवकरी गेली तं आमचे कागद कोण करन?"

धर्मपालला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. त्यानं स्वतःचं नाव लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. बिजलीबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"अन् पुढचे कागद?" जमनाबाईनं विचारलं.

"शिकवतो तुमाले. मले नवकरीतून काढाले पंधरा दिवस तं लागतीनच," तो म्हणाला. "वही घ्या."